मालिकेतलं लग्न आणि माझं परमिट

वायरमनला दिवाळी अंकात लिहायला सांगितलं की संपादकाला त्याच्याकडून वादळ हवं असतं. आमचे संपादक भंडाऱ्याहून घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मेश्रामजी, पावसाळा, कोसळलेले खांब, तुटलेल्या तारा, अंगावर काटा येईल असं काहीतरी लिहा." मी हो म्हटलं. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की वादळांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. वादळ येतं, दोनचार खांब आडवे करतं आणि आपल्या वाटेने निघून जातं. माझी सगळी तक्रार टीव्हीबद्दल आहे. तो आला आणि परत गेलाच नाही.

मी लाखांदूर तालुक्यात वीज खात्यात वायरमन होतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं चिचटोल्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिलो. चारही बाजूंनी धानाची शेतं, भाताच्या बांध्या, गावाबाहेर एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, तिच्या पाळीवर मोहाची झाडं, आणि त्या पाळीवरूनच मोठी तार गावात येते. ही जागा लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. येते तेव्हा ती खात्याची असते आणि जाते तेव्हा वायरमनची. शेतातली मोटार दिवसभर बंद राहिली तरी शेतकरी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर भेटून शांतपणे म्हणायचा, "वायरमनभाऊ, जरा पाहून घ्या जी." त्याच्याच घरची लाईन संध्याकाळी सातनंतर पाच मिनिटं गेली की फोनवर त्याची बायको, आई, सून अशा तिघी एकदम बोलायच्या.

"मामाजी, लाईन गेली जी. ते आता दार उघडून राहिली होती."

"कोण?"

"मोठी सून. अना दाराच्या मांगं तिचा पयला नवरा हाये."

तक्रार करताना लोकांनी जवळच्या खांबाचा नंबर सांगावा अशी खात्याची अपेक्षा असते. आमच्या लोकांनी मला कधी खांब सांगितला नाही, नेहमी कथानक सांगितलं. त्यामुळे मी एकही मालिका धड बसून पाहिली नसली तरी सगळ्या मला ठाऊक आहेत, फक्त लाईन जाण्याच्या क्षणापर्यंतच्या. मोठ्या सुनेने दार उघडलं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

जे थोडंफार पाहिलं त्यावर माझे व्यावसायिक आक्षेप आहेत. मालिकेतल्या बंगल्यात भर दुपारी झुंबरापासून जिन्याखालच्या दिव्यापर्यंत सगळं पेटलेलं असतं, पण मीटर कोणत्याच भिंतीवर दिसत नाही. लाईन तिथे फक्त वीज कडाडल्यावर जाते, आणि ती गेली की नायिका नायकाच्या अंगावर पडते. वायरमनला फोन करावा असं त्या एवढ्या मोठ्या खानदानात एकालाही सुचत नाही. एखादीला शॉक लागला की तिची स्मरणशक्ती जाते. मी शॉक लागलेली माणसं पाहिली आहेत. शुद्धीवर आल्यावर त्यांना सगळं आठवतं, वायरमनला न विचारता खांबाला हात कोणी लावायला सांगितला होता, हेसुद्धा नाव-गावासकट आठवतं.

मथुराबाईंची गोष्ट सांगायलाच हवी. गावाच्या टोकाला एकट्या राहायच्या, वय बरंच, आवाज खणखणीत. एकदा त्यांनी तातडीचा निरोप पाठवला की घरात करंट कमीजास्त होतोय. मी टेस्टर, पक्कड घेऊन गेलो. बल्ब स्थिर, पंखा नीट, मीटर ठीक. मी म्हटलं, "बाई, कुठं होऊन राहिला कमीजास्त?"

त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर एका सासूने मान वळवली. धाडकन आवाज झाला आणि तिने तीच मान परत वळवली. परत धाडकन, परत मान.

"पाहा," मथुराबाई म्हणाल्या. "कशी झटके खाऊन राहिली. येवढा करंट चांगला नाई, टीव्ही जळून जाईन माया."

मी त्यांना समजावलं की हे मुद्दाम करतात, मुंबईला बसून करतात, एकच चेहरा तीनदा दाखवायची तिकडची पद्धतच आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू कामचुकार माणूस आपला दोष मुंबईवर ढकलतोय. "कायले दाखवतीन बावा तीन-तीनदा? एकडाव पाहिलं का समजते माणसाले." शेवटी मी मीटरजवळचा एक स्क्रू पक्कडीने उगाच आवळला. तेवढ्यात जाहिराती लागल्या आणि मथुराबाईंचं समाधान झालं. पुढे कित्येक दिवस त्या लोकांना सांगत होत्या की मेश्राम वायरमननं येऊन सासूचे झटके बंद केले.

जाहिरातींवरून आठवलं. गावच्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की त्याची गुणगुण ऐकू येते. भार वाढला की ती जड होते. संध्याकाळी सातनंतर मी डोळे मिटून सांगू शकत असे की आता ब्रेक लागला, कारण त्याच क्षणी गावभरच्या बाया उठायच्या, कोणी पाण्याची मोटार सुरू करायची, कोणी मिक्सर लावायची, आणि ट्रान्सफॉर्मर कण्हायला लागायचा. ब्रेक संपला की परत सगळं शांत. ग्रामसभेत तर एकदा ठराव झाला की सात ते साडेनऊ या वेळात वायरमनने कोणतंही दुरुस्तीचं काम काढू नये. रस्त्याच्या ठरावावर तासभर भांडण झालं होतं. हा एकमताने झाला. सर्वांत आधी हात माझ्या बायकोचा वर गेला होता.

माझी बायको शकुन. आमच्या घरचा टीव्ही टोल्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, सर्वांत मोठा, तिनेच हट्टाने घेतलेला. त्यामुळे संध्याकाळी आमच्या ओसरीत पंधरावीस बाया जमायच्या आणि मी कामावरून आलो की मला माझ्याच घरात बसायला जागा नसायची.

आता हिरालालची ओळख करून देतो. हिरालाल आमचा शेजारी, शेती करणारा, आणि गावच्या दंडारीतला पहिल्या नंबरचा गडी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि गावचीच माणसं नाचत-गात, नकला करत जे नाटक करतात ती दंडार. हिरालाल कोणाचाही आवाज काढायचा. तलाठ्याचा काढायचा, सोसायटीच्या सचिवाचा काढायचा, पण लोक ओरडून मागायचे ते 'वायरमन'. मग हा कमरेला दोर बांधून एका गड्याच्या खांद्यावर चढायचा, कानाला चप्पल लावायचा, आधी दोनदा खाकरायचा आणि म्हणायचा, "हॅलो, भाऊराव, मेश्राम बोलून राहिलो. परमिट वापस. दे बावा आता टिचकी." मंडई हसून लोटपोट व्हायची. मी पहिल्या रांगेत बसलेला असायचो आणि सगळ्यांत जास्त मीच हसायचो. साहेब लोकांची नक्कल होते, वायरमनची कोण करतो? मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

हे 'परमिट' म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मोठ्या तारेवर काम करायचं तर आधी सबस्टेशनला सांगून ती बंद करून घ्यायची. याला परमिट घेणं म्हणतात. ज्याने परमिट घेतलं त्यानेच काम झाल्यावर, खाली उतरून, सगळी माणसं बाजूला झाल्याची खात्री करून 'परमिट वापस' म्हणायचं. तेव्हाच ऑपरेटर टिचकी देतो, म्हणजे बटण दाबून लाईन सुरू करतो. मधल्या वेळात वर चढलेल्या माणसाचा जीव त्या दोन शब्दांवर टांगलेला असतो. नियमाने याला कागद आहे, नंबर आहे, सह्या आहेत. पण सबस्टेशन दूर, काम रोजचं, आणि माणसं तीच. आमचा ऑपरेटर भाऊराव आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलेलो. माझा मोबाइल निम्मा वेळ मेलेला असायचा, म्हणून मी वाटेत भेटेल त्याच्या फोनवरून बोलायचो. भाऊराव नंबर पाहत नसे, आवाज ऐकत असे. माझं खाकरणं हीच माझी सही झाली होती.

त्या दिवसांत एका मालिकेत नायिकेचं लग्न चाललं होतं. साखरपुड्यापासून किती आठवडे चाललं होतं ते शकुनच सांगू शकेल. हळद झाली, हळदीत कोणीतरी काहीतरी कालवलं, ते उघडकीला आलं, परत हळद झाली. शेवटी जाहीर झालं की आज अंतरपाट पडणार, आणि मधे ब्रेक न घेता पडणार.

सकाळी डबा भरताना शकुन म्हणाली, "आज तरी साडेसातले लाईन नका घालवू."

"मी कुठं घालवतो? जाते ती."

"माहीत हाये. दुरुस्ती झाली का घंटा-घंटा चाय पेत बसता लोकायच्या घरी अना मंग फोन करता."

हा आरोप माझ्यावर जुना होता. निम्मा खरा होता. खाली उतरल्यावर हातपाय थरथरतात, लगेच बोलवत नाही. पण हे घरी कोण सांगत बसतो? चहा पीत होतो म्हटलं की प्रश्न मिटायचा.

त्या संध्याकाळी बोडीच्या पाळीवर, खांबावरची चिनीमातीची वाटी फुटली. तार त्या वाटीच्या आधाराने खांबापासून वेगळी राहते. वाटी फुटली, तार लोखंडाला टेकली आणि अख्ख्या टोल्याची लाईन गेली. मी भाऊरावकडून परमिट घेतलं, तारांना जमिनीशी जोडणारी साखळी टाकली आणि चढलो. कामावरचा जोडीदार खाली टॉर्च धरून उभा होता. नवी वाटी बसवणं मोठं काम नाही. पण जुनीचा नट गंजून असा बसला होता की काही केल्या फिरेना. अंधार पडला. गावातल्या बाया आता आपल्या नावाने बोटं मोडत असतील हे मला वरूनही कळत होतं. मी नटाला शिव्या देत होतो, मालिकेला देत होतो, आणि त्या लग्नातल्या भटजीलाही देत होतो.

मी वर असताना खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, पण वाचकाला ते आताच सांगतो.

आमच्या ओसरीत बाया जमल्या होत्या. त्यांनी अक्षता आणल्या होत्या. होय, टीव्हीवर टाकायला. हळदकुंकू लावलेले तांदूळ प्रत्येकीच्या मुठीत होते. मालिकेत अंतरपाट पडला की इकडून आपल्याही अक्षता पडाव्यात असं ठरलं होतं. आणि यात शकुन पुढे होती, याचं मला आजही नवल वाटतं. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात ना मुहूर्त होता ना अंतरपाट. वंदना झाली, हार घातले, वर फुलं पडली, लोक जेवले. तिने त्याबद्दल कधी अक्षराने तक्रार केली नाही. पण त्या दिवशी शेजारणीकडून मूठभर अक्षता तिने मागून घेतल्या होत्या.

समोर टीव्ही काळा. मोबाइलवर पाहावं तर लाईन गेली की आमच्या टॉवरचं नेट जातं, बोलण्यापुरतं तेवढं उरतं. साडेसात वाजले. बाया कासावीस झाल्या. हिरालाल आपल्या बायकोबरोबर तिथेच बसला होता. कोणीतरी म्हणालं, सबस्टेशनला फोन लावा. लावला असता तर भाऊरावने सांगितलं असतं की परमिट चालू आहे, मेश्राम वर आहे. विषय तिथेच संपला असता.

पण शकुन म्हणाली, "त्याइचं झालं असन कवाचं. बसले असन कोनाच्या घरी चाय पेत. हिरालालभाऊ, तुमीच काढा ना त्याइचा आवाज. भाऊरावभाऊ त्याइचंच ऐकते."

बाया हसल्या. हिरालालही हसला. एवढे प्रेक्षक समोर असताना आवाज न काढणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने फोन लावला, दोनदा खाकरला. "हॅलो, भाऊराव, मेश्राम बोलून राहिलो. परमिट वापस. दे बावा आता टिचकी."

मी तेव्हा एका हाताने तार धरून दुसऱ्या हाताने नट फिरवत होतो.

आता भाऊराव. पिळदार मिशांचा, गावात कोणाशी गोड न बोलणारा माणूस. सबस्टेशनची लाईन वेगळी, तिथे सगळं सुरळीत होतं. पॅनेलला मोबाइल टेकवून, खुर्ची पुढे ओढून हा माणूस डोळे पुसत तेच लग्न पाहत होता. मला हे तोवर माहीत नव्हतं. टेबलावरचा खात्याचा फोन वाजला तेव्हा मंगलाष्टकं संपत आली होती.

"हाव, हाव," तो म्हणाला. "थांब जरासाक. अंतरपाट पडून राहिला."

आणि त्याने फोन ठेवला. उठून एक बटण दाबायचं होतं, चार पावलांवर. पण अंतरपाट पडायचा क्षण सोडून कोण उठतो? त्याने ठरवलं, हा पडला की टिचकी देऊ.

भटजीने शेवटची ओळ घेतली. नवऱ्याचा चेहरा दाखवला, तीनदा. नवरीचा दाखवला, तीनदा. सासू, तीनदा. सासूची जाऊ, तिची बहीण, मंडपाच्या दारात उभा असलेला कोणी अनोळखी दाढीवाला, प्रत्येकी तीनदा. धाडकन, धाडकन, धाडकन. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दाखवले. हातातल्या अक्षता दाखवल्या, त्या पडताना दाखवल्या, पण त्या अर्ध्या हवेत थांबल्या. मग दाढीवाला म्हणाला, "थांबा." मग परत सगळ्यांचे चेहरे, नवऱ्यापासून. आणि 'उद्याच्या भागात' अशी पाटी आली.

भाऊरावने एक शिवी हासडली, उठला आणि पॅनेलकडे हात नेला. तेवढ्यात फोन वाजला.

नट सुटला होता. नवी वाटी बसली होती. साखळी काढून, खाली उतरून, जोडीदाराच्या फोनवरून मी खाकरलो. "भाऊराव, मेश्राम बोलून राहिलो. परमिट वापस."

"किती डाव वापस करतं बे?" तो वैतागून म्हणाला. "आत्ताच तर केलं."

"मी कुठं केलं? मी आता उतरलो खाली."

पलीकडे चाललेला मोबाइलचा आवाज त्याने बंद केला. मग तो हळूच म्हणाला, "तूच होता. खाकरून बोलला."

मला सगळं एकदम कळलं. आवाज कोणाचा, तेही कळलं. मी पाळीवर बसलो. साखळी टाकली होती, तिने वाचलो असतो असं पुस्तकात लिहिलेलं आहे. वाचलो असतो की नसतो हे तपासून पाहायची हौस मला कधीच नव्हती. भाऊराव फोनवरच होता. म्हणाला, "मेश्राम, ते सासू मधात नसती आली ना..." आणि पुढे त्याला बोलवेना. मिशांच्या त्या माणसाला त्या दिवशी मी दुसऱ्यांदा रडवलं, पहिल्यांदा मालिकेने रडवलं होतं.

एकेक चेहरा तीन-तीनदा कशाला दाखवतात, असं मथुराबाईंनी विचारलं होतं. त्या वेळी उत्तर नव्हतं. माझ्यापुरतं आता होतं.

मी घरी पोचेपर्यंत लाईन आली होती. वाटेत मी हिरालालला काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. तसं रागाने अंग पेटलेलं मला नोकरीत दुसऱ्यांदा आठवत नाही. बाया निघून गेल्या होत्या, हिरालाल ओसरीत खाटेवर बसला होता आणि शकुन समोर उभी होती. हसून म्हणाली, "आले का? हिरालालभाऊनं तुमचा आवाज काढला मनून लाईन आली. पन उशीर केला भाऊरावनं. अंतरपाट नाईच पाहाले भेटला."

मी म्हटलं, "तो आवाज काढला तेव्हा मी वर होतो."

हिरालाल उठला. काही बोलायला गेला, पण त्याच्या तोंडातून ना माझा आवाज निघाला ना त्याचा. तो तसाच चपला न घालता अंगणातून निघून गेला. त्याला बोलायचं ठरवलेलं सगळं माझ्याजवळच राहिलं.

शकुनने विचारलं, "तुमी चाय पेत नोयते?"

"नाई."

"मी सांगतलं त्याइले. मीच सांगतलं."

तिची मूठ अजून मिटलेली होती. तिने ती उघडली, तांदूळ टीव्हीपुढच्या स्टुलावर ठेवले आणि टीव्ही बंद केला. मला तिचा राग आला नाही, हे मी खरं सांगतो. वर असताना वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे पाहून वाटली. जेवताना ती सारखी माझ्या हातांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या तेव्हा तिने दारातूनच सांगितलं की दुसऱ्या कोणाच्या घरी पाहा. तसे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी, मीच म्हटलं म्हणून, तिने टीव्ही लावला. इतके दिवस न पाहूनही तिचं काहीही चुकलं नव्हतं. अंतरपाट अजून तसाच धरलेला होता आणि दाढीवाला बोलत होता.

भाऊरावने त्यानंतर माझ्या आवाजावर विश्वास ठेवणं सोडलं. परमिट वापस करताना तो विचारायचा, "आज डब्यात कायची भाजी होती?" आणि भाजी बरोबर सांगितल्याशिवाय लाईन देत नसे. एकदा मी डबा घरी विसरलो होतो. ते त्याला पटवेपर्यंत टोला अंधारात होता. पुढे आम्ही दोघांनी कागद, नंबर, सह्या हेच बरं असं ठरवलं, म्हणजे खात्याने पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं तेच.

पुढच्या मंडईत मी पहिल्या रांगेत बसलो. हिरालालने तलाठी केला, सचिव केला, नवीन ग्रामसेवकही केला. लोक ओरडायला लागले, "वायरमन, वायरमन." त्याने हात जोडले. दंडार संपल्यावर मी मागे जाऊन त्याला म्हटलं, "कर ना बावा. मले राग नाई."

"निघतच नाई जी आता," तो म्हणाला. "खाकरतो, अना गळा बंद होऊन जाते."

त्याने परत कधी माझी नक्कल केली नाही. ही एक खंत मला आहे. सन्मानाची शाल मिळाली, निरोपाचा हार मिळाला, पण मंडईतलं ते हसू गेलं ते गेलंच.

आता मी निवृत्त आहे. गावाला नवीन वायरमन आला आहे. मी त्याच्या कामात नाक खुपसत नाही. शकुनच्या शेजारी बसून मालिका पाहतो आणि चेहरा तीनदा दाखवला की मोठ्याने नावं ठेवतो. ती म्हणते, तुमी तरी नका बोलू.

परवा असंच ओसरीत बाया बसल्या होत्या. मालिका नवीन, नायिका नवीन, पण एक दार होतं आणि दारामागे कोणीतरी होतं. नायिकेने कडीला हात लावला आणि लाईन गेली. बायांनी एकदम हाय केलं. एकजण म्हणाली, "शकुनबाई, लावा ना फोन सबस्टेशनले. तुमच्या ओळखीचे हायेत सारे."

शकुनने मोबाइल हातात घेतला. त्याच्या उजेडात तिचा चेहरा मला दिसला. तिने नंबर काढला, थोडा वेळ पाहिला आणि मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला.

"काहून जी?" बाईने विचारलं.

"लाईन नाई मंजे वर कोनी असन," शकुन म्हणाली. "उतरू दे त्याले."